स्क्रीन त्यांच्यासाठी, पाय माझ्यासाठी

म्हाताऱ्या माणसाला रुग्णालयात आणलं की सगळे मिळून त्याला आधी आडवं करतात. ड्रिप लागते, कॅथेटर लागतो, पलंगाचे कठडे वर चढतात आणि घरचे प्रेमाने सांगतात, "आता काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." मी वृद्धांच्या रिहॅब (पुनर्वसन) वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. माझी निम्मी ताकद या एका वाक्याशी भांडण्यात जाते.

पडून राहणं फुकट पडत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, कुठलाही आजार नसलेल्या काही लोकांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं आणि ताकदही बरीच उतरली. ही धडधाकट माणसं होती. ज्यांना न्यूमोनिया झालाय, भूक मेलीये, रात्रीची झोप नाही, त्यांचं काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. २००९ चा आणखी एक अभ्यास आहे, तोही अमेरिकेतलाच. रुग्णालयात भरती झालेल्या पासष्टीपुढच्या पुरुषांच्या पायांना सेन्सर लावून ते दिवसभर काय करतात ते मोजलं. ही मंडळी अंथरुणाला खिळलेली नव्हती, भरती होण्याआधी चालतीफिरती होती. तरी मोजलेल्या वेळातला ८३ टक्के वेळ ती आडवी होती. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाला पाऊण तासही भरत नव्हता.

तेव्हा पलंगावरून उतरवायचं, हे पहिलं काम. उतरल्यावर करायचं काय, हा दुसरा प्रश्न. इथे आमच्या धंद्यातली एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. व्यायाम कंटाळवाणे असतात. खुर्चीतून उठा, बसा, परत उठा. उजव्या पायावर भार, आता डाव्या पायावर. हात वर, हात खाली. मेंदूला आणि स्नायूंना पुन्हा शिकायचं असेल तर हालचाल शेकड्यांनी व्हायला हवी. २००९ मध्येच स्ट्रोकच्या, म्हणजे पक्षाघाताच्या, पेशंटांची थेरपी चालू असताना शेजारी बसून हालचाली मोजणारा एक अभ्यास झाला. हाताच्या उपयोगी हालचाली एका सेशनला सरासरी ३२ भरल्या. बत्तीस! बाकीचा वेळ जातो उठवण्यात, बसवण्यात, उशी सरकवण्यात, "आज कसं वाटतंय" विचारण्यात आणि पेशंटचं "पुरे आता" ऐकण्यात.

हे "पुरे आता" थोडं पुढे ढकलण्यासाठी आमच्या व्यायामाच्या हॉलमध्ये पॅरलल बारशेजारी (धरून चालायच्या दोन समांतर दांड्या) एक टीव्ही आहे, त्याला जोडलेला जुना गेम कन्सोल आहे आणि जमिनीवर एक पांढरी पाटी आहे. नवीन आलेले ज्युनिअर डॉक्टर हमखास विचारतात, "हे लहान मुलांच्या वॉर्डातून आलंय का?"

पाटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा जीव तिच्यावर आहे. निन्टेन्डो कंपनीने २००६ मध्ये वी हा कन्सोल आणला. हातातला रिमोट हलवला की पडद्यावर रॅकेट हलते, अशी त्याची कल्पना. पुढच्याच वर्षी जपानमध्ये वी फिट हा व्यायामाचा गेम आला आणि त्याच्यासोबत ही बॅलन्स बोर्ड नावाची पाटी. चार कोपऱ्यांखाली वजन मोजणारे चार सेन्सर, दीडशे किलोपर्यंत झेपतं, वायर नाही. चारही कोपऱ्यांवरचं वजन कळलं की माणसाचा भार नेमका कुठल्या बिंदूवर पडतोय ते काढता येतं, आणि तो बिंदू पडद्यावर दिसतो. तोल मोजण्यासाठी प्रयोगशाळेत जी फोर्स प्लेट असते ती हेच करते, पण ती महाग असते आणि जमिनीत पक्की बसवलेली असते. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दोन्हींची तुलना केली आणि नुसतं स्थिर उभं राहण्याचा तोल मोजायला ही खेळण्यातली पाटी चांगली चालते असं दाखवलं. त्यानंतर कितीतरी थेरपिस्टांनी ती आपल्या हॉलमध्ये आणून ठेवली. बनवणाऱ्यांनी ती घरात बसून सुटलेल्यांसाठी काढली होती, आमच्या आजी-आजोबांचा त्यांनी विचारही केला नसेल.

एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालेलं, सर्जनने पूर्ण भार द्यायला परवानगी दिलेली. पण त्या उभ्या राहिल्या की सगळं वजन चांगल्या पायावर. मी म्हणायचे, "आजी, उजव्या पायावर भार द्या." त्या म्हणायच्या, "देतेय की गं." आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की आपण भार देतोय. हाड मोडल्यावर, भीती बसल्यावर शरीराची आतली खबर अशी चुकीची येते. मग पाटीवर उभं केलं. पडद्यावरचा ठिपका पार डावीकडे. आजींनी चष्मा नीट केला, ठिपक्याकडे बघितलं, स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "हे मशीन बिघडलंय."

मशीन बिघडलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. पेंग्विनचा खेळ लावला. बर्फाच्या तुकड्यावर एक पेंग्विन असतो. आपण डावीकडे झुकलो की बर्फ डावीकडे कलतो आणि पेंग्विन तिकडे घसरत जाऊन मासा पकडतो. मासे दोन्ही बाजूंना उडतात. उजवीकडचा मासा हवा असेल तर उजवीकडे झुकण्यावाचून इलाज नाही. आजी आधी थोड्याच झुकल्या, पेंग्विन अर्ध्या वाटेत थांबला, मासा गेला. त्यांनी "अरेरे" केलं. पुढच्या माशाला त्यांचा उजवा गुडघा भाराखाली किंचित वाकलेला मला दिसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांना ते कळलंही नाही, त्या माशात होत्या.

यामागे चमत्कार नाही, आणि तो शोध माझा तर नाहीच. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक आहेत. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या सिम्युलेटरवर लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, आपल्या पायांच्या जोराकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायांखालच्या चाकांकडे लक्ष द्या. फरक इंचभराचा, कारण चाकं पायांच्या अगदी खालीच. पण चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. त्यानंतर हे पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ प्रकारच्या हालचालींत दिसलं आहे. स्वतःच्या अवयवावर पहारा ठेवला की हालचाल ताठर होते. बाहेरच्या परिणामाकडे लक्ष गेलं की शरीर आपलं आपण जुळवून घेतं. आम्ही फिजिओ दिवसभर काय ओरडत असतो? गुडघा सरळ, टाच टेका, कंबर आत. सगळ्या सूचना अवयवांच्या. पेंग्विन एकही सूचना देत नाही.

पण म्हणून पेशंटला पेंग्विनच्या हवाली करून मी फोन बघत बसावं असं नाही. उलट खेळ चालू असताना माझं काम वाढतं. पेशंटने पडद्याकडे बघायचं आणि मी पडद्याकडे अजिबात बघायचं नाही, हा माझा नियम आहे. माझा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर असतो, नजर घोट्यांवर आणि गुडघ्यांवर. नव्या विद्यार्थ्यांना हे सगळ्यात जड जातं. त्यांना खेळ बघावासा वाटतो! एकदा एक विद्यार्थिनी "आजोबा, डावीकडे, डावीकडे!" म्हणून ओरडत होती आणि आजोबांचा पाय पाटीच्या कडेवरून अर्धा बाहेर आलेला. सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे पाटी जमिनीपासून थोडी उंच असते, आणि खेळताना तोल जात नाही तेवढा खेळ संपल्यावर मागे उतरताना जातो. डोक्यात अजून स्कोअर असतो, आणि पाय शोधतो जमीन. म्हणून आमची पाटी पॅरलल बारच्या आतच असते, आणि खुर्ची मागे लावल्याशिवाय कुणी चढत नाही.

स्कोअरचंही तसंच. स्कोअर चांगला आला म्हणजे हालचाल चांगली झाली असं समजणं ही या सगळ्या प्रकारातली मोठी गफलत. रिमोटवाला टेनिसचा खेळ घ्या. तुम्ही खांद्यापासून हात फिरवावा अशी माझी इच्छा असते. पण रिमोटच्या आत झटका मोजणारा सेन्सर आहे, त्याला खांदा कळत नाही. मनगटाचा एक बारीक झटका दिला तरी चेंडू पलीकडे जातो. हे नातवंडांना सोफ्यावर लोळत खेळताना पाच मिनिटांत कळतं, आणि आजोबांना दहा. मग आजोबा आरामात बसून मनगट हलवत जिंकतात, खूश होतात, आणि खांदा होता तिथेच. स्ट्रोकनंतर तर शरीर असे चोरटे रस्ते पटापट शोधतं. हात पुढे जात नसेल तर अख्खं धड पुढे झुकतं, खांदा कानापर्यंत चढतो, आणि वस्तू तर पकडली जाते. गेम म्हणतो शाब्बास. मी म्हणते, पाठ खुर्चीला टेकवा आणि परत.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये किनेक्ट आणला तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता हा प्रश्न सुटला. त्यात हातात काही धरायचंच नाही, समोरचा कॅमेरा कुठली गोष्ट किती लांब आहे ते मोजतो आणि तुमच्या सांध्यांचा काड्यांचा माणूस बनवतो. धड झुकलं तर त्याला दिसतं. बोटांत पकड नसलेल्या पेशंटला तर हे वरदानच. पण कॅमेऱ्याला एकटा माणूस हवा असतो, मोकळ्या जागेत, समोर तोंड करून. आमचा पेशंट वॉकर धरून उभा, मागे मी त्याला चिकटून, बाजूला ड्रिपचा स्टँड. कॅमेरा बिचारा गोंधळायचा. कधी माझा हात आजोबांना जोडायचा, कधी वॉकरचा पाय हा तिसरा पाय समजायचा. बसलेल्या माणसाचे गुडघे शोधणं त्याला अवघड जायचं. आणि २०१७ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादनच थांबवलं. ज्या संशोधकांनी त्याच्यावर खास वृद्धांसाठी खेळ लिहिले होते, त्यांच्या हातात सॉफ्टवेअर राहिलं आणि कॅमेरा गेला. बाजारातल्या खेळण्यांवर उपचार उभे केले की हा धोका असतोच. आमची पाटीसुद्धा जपून वापरतो, कारण ती गेली की नवी मिळायची नाही.

सगळ्यांना खेळ आवडतात असंही नाही. आयुष्यभर गणित शिकवलेले एक सर वॉर्डात होते. टीव्ही लावताच म्हणाले, "बाई, मी इथे खेळायला आलेलो नाही." मी आवाज चढवून सांगायला गेले असते तर सर पुन्हा हॉलमध्ये आलेच नसते. मी खेळ बंद केला, नुसता ठिपका ठेवला आणि म्हटलं, "सर, तुमच्या वजनाचे किती टक्के डाव्या पायावर येतायत ते इथे दिसतं." सरांनी मान तिरकी करून आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले. तारीख, डावा, उजवा, फरक. फरकाचा आलेख त्यांनी स्वतः काढला आणि माझ्या साहेबांना राउंडच्या वेळी समजावून सांगितला, तोही उभं राहून. सर शेवटपर्यंत खेळले नाहीत. पाटीवर मात्र रोज सगळ्यांच्या आधी हजर.

उलट बोलिंगच्या खेळासाठी दोन आज्या एकमेकींच्या जिवावर उठायच्या. दोघीही खुर्चीत बसून खेळायच्या, एकीला ऐकू कमी यायचं, दुसरीला दिसत कमी होतं. ऐकू न येणारी दिसत नसणारीला सांगायची किती पिनं पडली, आणि तिचा आकडा दर वेळी एकाने कमी सांगायची. त्या भांडणात दोघींची धडं जितकी वळली, तितकी माझ्या व्यायामाने वळली नसती.

माणसाला खेळ शोभतो की नाही हे वयावरून ठरवू नये, एवढंच मला यातून कळलं आहे. पण खेळाचं बोलणं शोभतं की नाही हे मात्र नक्की बघावं. दुकानात मिळणारे खेळ तरुण, चपळ माणसांसाठी केलेले असतात. हरलात की मोठा आवाज, लाल अक्षरं, पात्राचं तोंड उतरतं. वी फिट तर आधी तुमचं वजन सगळ्या हॉलसमोर सांगतं आणि मग तोल तपासून तुमचं "वी फिट वय" काढून दाखवतं. स्वतःच्या पायांवर नीट उभं राहता येत नसलेल्या माणसाला कशाला हवी ही माहिती? ते भाग आम्ही गाळतो. डोक्याने चेंडू मारायचा एक खेळ त्यात आहे. चेंडूंच्या मध्येच बूट उडत येतात, ते चुकवायचे. वेग असा की मलाच धाप लागते. तो आमच्या यादीत नाहीच. सोपा, हळू, पार्श्वभूमीला गर्दी नसलेला, चुकलं तरी चालू राहणारा खेळ शोधणं हे निम्मं काम. खास रिहॅबसाठी बनवलेल्या प्रणालींत वेग, लक्ष्यांचं अंतर, चेंडूचा आकार हे सगळं थेरपिस्टला बदलता येतं. दिसायला त्या साध्या असतात, पण मला विचाराल तर सुंदर ग्राफिक्सपेक्षा "वेग कमी करा" हे एक बटण मोलाचं.

कधी कधी खेळाचा उपयोग पेशंटपेक्षा घरच्यांना जास्त होतो. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला की काहींना डावी बाजू असल्याचं भानच राहत नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग हिशेबात येत नाही. ताटातलं डाव्या अर्ध्यातलं अन्न तसंच राहतं, डावा हात खुर्चीच्या चाकात अडकतो. अशा एका काकांच्या पत्नीला वाटायचं, हे मुद्दाम करतात, मी डावीकडे बसले की माझ्याशी बोलतच नाहीत. मी टॅबलेटवर ठिपके टिपायचा साधा खेळ काकांना दिला. खेळ झाल्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग साफ, डाव्या अर्ध्यात सगळे ठिपके जिथल्या तिथे. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग आम्ही पडद्याच्या डाव्या कडेला एक जाड लाल पट्टी चिकटवली, आणि प्रत्येक वेळी आधी लाल पट्टी शोधायची, मग ठिपके, अशी सवय लावायला घेतली. ही पट्टीची युक्ती जुनी आहे, कागदावरही करतात. टॅबलेटने फक्त ती न कंटाळता करता आली.

आता पुराव्याबद्दल, कारण मशीन विकायला येणारे लोक पुराव्याबद्दल फार उत्साहाने बोलतात. २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात एव्हरेस्ट नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. स्ट्रोक होऊन गेलेले १४१ पेशंट, चार देश. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत वी, उरलेल्यांना तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू. निकाल काय? हाताच्या कामात दोन्ही गट सुधारले, आणि वीवाले पत्तेवाल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. हा निकाल आला तेव्हा आमच्यातले काही जण हिरमुसले. मला तो आवडला. जेंगाचा ठोकळा ओढताना हात जे करतो तेही काही कमी नाही, आणि पत्त्यांचा जोड चार्ज करावा लागत नाही. कॉक्रेन आढावा म्हणजे एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष. २०१७ च्या अशा आढाव्याने ७२ चाचण्या आणि २४७० पेशंट एकत्र पाहिले आणि साधारण हेच सांगितलं: हातासाठी नेहमीच्या थेरपीच्या जागी खेळ ठेवला तर तो तिच्याहून सरस नाही. नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिला, म्हणजे एकूण वेळ वाढला, तर फायदा होऊ शकतो.

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियातली अमाउंट ही चाचणी आली, ती मला माझ्या वॉर्डाच्या सगळ्यात जवळची वाटते. सिडनी आणि ॲडलेडची तीन रुग्णालयं, वृद्धांच्या आणि मेंदूविकारांच्या रिहॅबमधले ३०० पेशंट. अर्ध्यांना नेहमीच्या काळजीबरोबर खेळ, टॅबलेट, पावलं मोजणारी यंत्रं, यातलं ज्याला जे लागेल ते फिजिओने निवडून दिलं, आणि घरी गेल्यावरही सहा महिन्यांपर्यंत मागे लागून चालू ठेवलं. त्यांची हालचाल करण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुधारली. पण दिवसभरात उभं राहण्याचा वेळ मात्र वाढला नाही. म्हणजे उठणं, तोल, चालणं जास्त चांगलं जमू लागलं, तरी खुर्ची सुटली नाही. हे वाचून मी जोरात मान डोलावली. "जमतं" आणि "करतात" यातली दरी आमच्या प्रत्येक फॉलो-अपमध्ये दिसते.

त्या चाचणीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा शब्द "निवडून" हा आहे. मशीन कुठलं यापेक्षा, या माणसाला नेमकं काय जमत नाही आणि त्यासाठी हाताशी असलेल्यातलं काय लावायचं, हे ठरवणारं कुणीतरी तिथे होतं. खरेदी करणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं. मशीनसाठी पैसे मंजूर होतात, तिच्याशेजारी उभं राहणाऱ्या माणसासाठी होत नाहीत. मी जिथे आधी काम करायचे तिथे एक महागडी प्रणाली अशीच कपड्याखाली झाकून ठेवलेली होती, कारण ती चालवायला शिकलेली मुलगी नोकरी सोडून गेली होती.

पावलं मोजणाऱ्या पट्ट्यांबद्दल एक इशारा, घरच्यांना उपयोगी पडेल. मुलं प्रेमाने आईच्या मनगटावर भारीतला बँड बांधतात आणि संध्याकाळी फोनवर रागावतात, "आज एवढीशीच पावलं?" वॉकर धरून चालणाऱ्या माणसाचं मनगट हलतच नाही, ते वॉकरच्या दांड्यावर असतं. त्यात पावलं हळू आणि घासत. बँडला वाटतं बाई बसून आहेत. मोजायचंच असेल तर यंत्र घोट्याला बांधा, निदान खऱ्याच्या जवळ जाईल. आणि आकडा कालच्या आकड्याशी जुळवा, शेजारच्या पलंगाशी नाही.

डोळ्यांवर चढवायच्या, आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटबद्दल मला अजून खात्री वाटत नाही. पलंगावर पडून दुखण्यापासून मन दुसरीकडे न्यायला, किंवा बसून हात हलवायला ते चांगलं. पण उभं करायचं म्हटलं की मी मागे सरते. म्हातारपणी पायांची जाणीव कमी झालेली असते, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावलेली असते, आणि माणूस तोलासाठी डोळ्यांवर टेकलेला असतो. नेमके तेच डोळे झाकून त्यांना खोटी खोली दाखवायची. काहींना मळमळतं, काही घाबरतात, ज्यांची स्मृती डळमळीत आहे ते हेडसेट काढल्यावर आपण कुठे आहोत हेच विचारतात. चष्म्यावर हेडसेट बसत नाही, कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि चेहऱ्याला लागणारा तो स्पंज दोन पेशंटांच्या मध्ये नीट पुसायचा कसा यावर आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर अजून समाधानी नाहीत. मीही नाही.

बाकी तयारी साधी आहे, पण ती केल्याशिवाय मी टीव्ही लावत नाही. आडवं असतानाचं बीपी आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आतलं बीपी. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर आज उभं राहून खेळ नाही. चष्मा कुठला ते बघते, कारण वाचायच्या चष्म्यातून टीव्ही पुसट दिसतो आणि दुहेरी काचेच्या खालच्या भागातून पायरी वाकडी. चपला नाहीत, मागून बंद असलेले बूट. खुब्याचा सांधा बदललेल्यांना सर्जनने कुठल्या हालचाली बंद सांगितल्यात ते फाइलमध्ये बघते, कारण खेळाच्या भरात वाकून मासा पकडायला जाणारे मी पाहिलेत. किती दमलात हे नाडीवरून ठरवता येत नाही, निम्म्या पेशंटांना नाडी वाढू न देणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतात. म्हणून किती दमलोय ते पेशंटने स्वतः आकड्यात सांगायची बोर्गची सहा ते वीसची पट्टी भिंतीवर लावली आहे. अकरा ते तेराच्या मध्ये थांबायचं. खेळात दमणूक कळत नाही, हा त्याचा गुण, आणि हाच त्याचा धोका. "अजून एक डाव" ला माझ्याकडून बऱ्याचदा नकार मिळतो.

हेडसेटवाले पुढच्या महिन्यात परत डेमो द्यायला येणार आहेत. मागच्या वेळी त्यांनी तो माझ्या साहेबांच्या डोक्यावर चढवला होता, साहेब खुर्ची धरून "वा, वा" म्हणत होते. या वेळी मी आमच्या बोलिंगवाल्या आज्यांपैकी एकीला बोलावलंय, त्या फॉलो-अपला येणारच आहेत. वेग कमी करायचं बटण कुठे आहे, ते त्याच विचारतील.